बारशाला 'काय आणू?' असं विचारलं तर : गिऱ्हाईक, नातेवाईक आणि आपलं दुकान



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात माल कसा भरायचा ते पाहिलं. त्यात बारशाच्या आहेराचा मुद्दा मी घाईत उरकला. तो इथे नीट लिहिते, कारण तो मला महागात पडून समजलाय.

खांडबाऱ्यातल्या माझ्या दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक येतं, "ताई, बारशाला जायचंय, काहीतरी दाखवा." आणि आपण दुकानदार काय दाखवतो? झीरो साइजचं झबलं-टोपडं. दिसायला गोड, किंमत आवाक्यात, दोन मिनिटांत विक्री. पण बाळाचं जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. झीरो साइज दोन-तीन महिन्यांत बाद. एका घरात असे बारा सेट जमले की आठ पिशवीतून बाहेरही निघत नाहीत. तेच पुढच्या बारशाला दुसऱ्याच्या घरी जातात. म्हणजे ती विक्री आपल्या दुकानातून गेली.

आता माझी चूक. माझ्या मुलीच्या वेळी मी फार हुशारी केली. दुकानदार मी, वर बीबीए झालेली! सातव्या महिन्यातच यादी तयार केली. वर दुकानाचं नाव, प्रत्येक वस्तूपुढे किंमत, खाली 'कृपया कपडे आणू नयेत'. टाकली फॅमिली ग्रुपवर.

विसरवाडीच्या माझ्या आतेसासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना आत्याच म्हणतो, सासूबाईंना फोन केला, "सुनेचं दुकान चालावं म्हणून आता आम्ही आहेर करायचा का?" बारशाला आल्या, घुगऱ्या खाल्ल्या, पाकिटात एकशे एक रुपये दिले आणि पाळणा म्हणायच्या आधीच निघाल्या. नंतर कळलं की त्यांनी तीन महिने बसून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. 'कपडे नकोत' वाचून ती घरीच ठेवली.

मी रेडिमेड कपड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यांनी गोधडीबद्दल वाचलं. चूक त्यांची नाही.

यात धंद्याचा धडा काय? यादी करण्याची कल्पना वाईट नाही. अमेरिकेत शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानानं १९२४ मध्ये लग्नाच्या भेटींसाठी अशी नोंदणी सुरू केली, पुढे बाळांसाठीही ती पद्धत आली. पण आपल्याकडचा आहेर म्हणजे नुसती भेट नाही, तो हिशेब आहे. घरोघरी आहेराची वही असते. त्यांनी आपल्याकडे काय केलं, आपण त्यांच्याकडे काय केलं, ते बघून माणूस खिशात हात घालतो. किंमत लिहिलेली यादी हातात दिली की आपण त्याला त्याची ऐपत विचारल्यासारखं होतं. शिवाय काही गोष्टींवर हक्क ठरलेला असतो. पाळणा, वाळे मामाकडचे. नाव आत्या ठेवणार, तिचा मान वेगळा. आपल्याकडची गुजराती गिऱ्हाइकं आईच्या माहेरून येणाऱ्या या आहेराला 'जियाणुं' म्हणतात. तिथे 'पाळणा नको, पैसे द्या' म्हणायची सोय नाही. म्हटलंत तर भांडण दुकानापर्यंत येतं.

म्हणून मी आता बाळाच्या आईला किंवा आजीला सांगते, यादी पाठवू नका. कुणी 'काय आणू?' विचारलं तरच बोला, आणि आधी उलटा प्रश्न करा, "मावशी, तुमच्या मनात काही आहे का?" असेल तर विषय संपला, ते आनंदानं घ्या. नसेल तर एकच गोष्ट सांगा, किंमत न सांगता, "मग सहा महिन्यांनी घालता येईल असं काही बघा ना, आत्ताचं भरपूर झालंय." 'नको' या शब्दापेक्षा 'झालंय' हा शब्द बरा. 'नको' म्हटलं की माणूस दुखावतो. सुनेला बोलायचा संकोच असेल तर निरोप सासूबाईंकडून किंवा नणंदेकडून जाऊ द्या. बाळाच्या काका-मामांना, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांना मात्र सरळ सांगितलेलं चालतं. उलट त्यांना तेच हवं असतं, त्यांचं डोकं वाचतं.

वॉकरचं वेगळं. हौसेनं सगळ्यात जास्त तोच आणला जातो, आणि कॅनडानं २००४ मध्ये अपघातांमुळे त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. तिथे डॉक्टरांचं नाव पुढे करायचं, "डॉक्टर नको म्हणालेत." वाद होत नाही.

दुकानात मी दोन गोष्टी केल्या. पहिली, एक साधी वही. बाळाच्या घरचं कुणी आलं की बाळाचा महिना आणि घरात काय-काय आलंय ते लिहून ठेवते. बारशाचं गिऱ्हाईक आलं की मी बघून सांगते, "त्या घरी दुपटी सहा झालीत, तुम्ही थंडीचा स्वेटर घ्या, एक वर्षाचा साइज." कुणी काय दिलं हे मात्र सांगायचं नाही. दुसऱ्याचा आहेर दुकानात उघड झाला की वहीच बंद करावी लागेल.

दुसरी, बदली चिठ्ठी. पिशवीत किंमत नसलेली चिठ्ठी टाकते, तीन महिन्यांत साइज बदलून मिळेल, टॅग असावा, धुतलेलं नसावं, रोख परत नाही. भीती होती की माल परत येऊन गल्ला रिकामा होईल. झालं उलटं. मोठा साइज महाग असतो, फरक गिऱ्हाईक भरतं, आणि बाळाला घेऊन आई दुकानात आली की मोजे-टोपी जातातच. तरी एक करा, बदलून आलेला माल वेगळ्या रॅकवर ठेवा आणि तपासल्याशिवाय विकू नका.

गिफ्ट हॅम्पर बनवणार असाल तर दोन कायदे आधी बघा. दुधाची बाटली त्यात घालायची नाही. १९९२ च्या कायद्यानं, २००३ च्या दुरुस्तीसह, बाटल्या आणि बाळाच्या दूधपावडरची जाहिरात करायला, ऑफर किंवा भेटवस्तू देऊन खप वाढवायला बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरं, खेळण्यांवर आयएसआय मार्क १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. होलसेलवाला कितीही स्वस्त देऊ दे, मार्क नसलेला खुळखुळा भरू नका.

आत्यांचं राहिलं. मुलगी चार महिन्यांची असताना मी तिला घेऊन विसरवाडीला गेले. माफी वगैरे मला नीट मागता आली नाही. एवढंच म्हटलं, "आत्या, थंडी सुरू झालीय, हिची गोधडी द्या." त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, पत्र्याच्या पेटीतून काढून आणली आणि माझ्या हातात न देता थेट मुलीच्या अंगावर टाकली.

वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत पान उघडून दाखवते.