कार्बाइडचा लेप : त्याचे गुण आणि त्याच्या उणिवा

यंत्र निकामी झालें म्हणजे तें मोडलें, असें आपण सहज समजतों. परंतु पुष्कळ यंत्रें मोडत नाहींत, तीं झिजतात. पंपाचा दांडा, कागदाच्या गिरणीतला रूळ, जलविद्युत् केंद्रांतील टर्बाइनचें पातें, यांचें पोलाद आंतून धडधाकट असतें. पण वरचा अगदीं पातळ थर घासून गेला कीं सबंध भाग बदलावा लागतो. सगळा भागच महाग व कठीण पदार्थाचा करण्यापेक्षां त्याच्या अंगावर तसा लेप द्यावा, ही कल्पना यांतूनच निघाली. तिचे गुण बहुतेकांस ठाऊक असतात. तिच्या उणिवांचा विचार मात्र थोडे लोक करतात, म्हणून त्यांकडे येथें विशेष लक्ष देऊं.

टंगस्टन कार्बाइड हें टंगस्टन आणि कार्बन यांचें अत्यंत कठीण संयुग आहे. तें एकटें ठिसूळ असतें. १९२३ सालीं जर्मनींत कार्ल श्र्योटर यानें त्याची भुकटी कोबाल्ट धातूनें सांधून उपयोगी हत्यारी पदार्थ केला. तत्पूर्वींच स्वित्झर्लंडमधील मॅक्स शूप यानें वितळलेल्या धातूचा फवारा उडवून लेप देण्याची रीत शोधली होती. पुढें या दोन कल्पनांचा संयोग झाला. आजच्या रीतींत एका बंदुकींत प्राणवायु व इंधन जाळतात आणि त्या ज्वालेच्या झोतांत कार्बाइड-कोबाल्टची भुकटी सोडतात. कण तापून मऊ होतात, हवेंतील ध्वनीपेक्षां अधिक वेगानें पृष्ठभागावर आदळतात आणि चपटे होऊन एकावर एक बसतात. असा लेप बहुधा ०.१ ते ०.४ मिलिमीटर जाडीचा असतो. तो नीट बसला तर साध्या पोलादापेक्षां कितीतरी अधिक काळ घर्षण सोसतो, यांत शंका नाहीं.

पहिली उणीव जोडाची. आपल्या घरीं तांब्याच्या भांड्यास कल्हई करतात, तेव्हां तापलेल्या तांब्यावर कथील पसरून त्याच्याशीं एकजीव होतें. फवाऱ्याच्या लेपाचें तसें नाहीं. तो मुख्यतः भिंतीवरच्या गिलाव्याप्रमाणें खडबडीत जागीं अडकून राहतो. म्हणूनच आधीं कठीण दाण्यांचा मारा करून पोलाद स्वच्छ व खडबडीत करावें लागतें. त्या वेळीं तेलाचा अंश किंवा गंज राहिला, तर लेप वरून कितीही सुंदर दिसला तरी कामांत त्याचे पोपडे निघतात. शिवाय हा जोड किती बळकट आहे हें प्रत्यक्ष भागावर तपासतां येत नाहीं. नमुन्याच्या तुकड्यावर लेप देऊन, त्याला डिंकासारख्या बळकट चिकट द्रव्यानें दुसरा तुकडा जोडून ओढून पाहतात. लेप चांगला असेल तर पुष्कळदां तें द्रव्यच आधीं सुटतें. म्हणजे लेपाचें खरें बळ कळतच नाहीं. अर्थात् पुष्कळसा भरंवसा कारागिराच्या प्रामाणिकपणावर ठेवावा लागतो.

दुसरी उणीव ठिसूळपणाची. काठिण्य आणि चिवटपणा हे भिन्न गुण आहेत. कांचेचा तुकडा तांब्यावर ओरखडा काढतो, पण फरशीवर पडतांच फुटतो. तांब्याच्या गडूला मात्र केवळ पोचा येतो. कार्बाइडचा लेप या बाबतींत कांचेच्या बाजूचा आहे. घासणें तो सोसतो. ठोका सोसत नाहीं. धारदार कडांवर तर तो लवकर तुटतो, म्हणून कडा आधीं गोल कराव्या लागतात. खालचा भाग फार वांकला तर लेपास तडे जातात. विमानाच्या चाकांच्या दांड्यांवर विषारी क्रोमियम द्रावणांतून होणाऱ्या मुलाम्याऐवजीं हा लेप आला, तेव्हां अति मोठ्या भारानें तो तडकून सुटण्याचा धोका मुद्दाम तपासावा लागला.

तिसरी उणीव उष्णतेची. एक मीटर लांब पोलादी कांब १०० अंश सेंटिग्रेडनें तापविली तर सुमारें १.२ मिलिमीटर वाढते. कार्बाइड-कोबाल्ट त्याच्या निम्म्याच्या आसपासच वाढतें. एकमेकांस जखडलेल्या दोन पदार्थांची वाढ अशी विषम असली, म्हणजे वारंवार तापण्या-निवण्यानें जोडावर ताण पडतो. त्यांतच सुमारें ५०० अंशांपुढें टंगस्टन कार्बाइड हवेंत जळूं लागतें. तेथें क्रोमियम कार्बाइड व निकेल-क्रोमियम यांचा लेप वापरतात. पण थंड जागीं तो घर्षणास तितका टिकत नाहीं. बंदुकींतली ज्वाला फार प्रखर झाली तर कार्बाइडमधील कार्बन उडून जातो आणि अधिक ठिसूळ संयुग मागें उरतें.

चौथी उणीव छिद्रांची. चांगल्या लेपांतही सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून खारें किंवा आम्ल पाणी झिरपून पोलादापर्यंत पोंचलें, तर गंज लेपाखालीं पसरतो आणि वरून कांहींच दिसत नाहीं. कोबाल्टमध्यें क्रोमियम मिसळल्यानें लेप स्वतः कमी गंजतो. पण छिद्रांचा धोका समूळ जात नाहीं.

पांचवी उणीव पोंचण्याची. फवारा सरळ रेषेंत जातो, आणि तो पृष्ठभागावर लंब पडला तरच लेप उत्तम बसतो. अरुंद नळीच्या आंत किंवा वळणापलीकडे बंदूक पोंचत नाहीं.

या सर्व गोष्टींचें एकत्र दर्शन हिमाचल प्रदेशांत घडतें. सतलज नदीवर नाथपा झाकरी येथें २५० मेगावॉटचीं सहा टर्बाइनें आहेत. हिमालयांतील पाण्याबरोबर गारेचे बारीक कण येतात, आणि गार पोलादापेक्षां कठीण असते. ०.२ मिलिमीटरहून मोठे कण गाळण्यासाठीं भूगर्भांत प्रचंड कक्ष बांधले. तरी त्याहून बारीक कण पात्यांपर्यंत जातातच. म्हणून तेथें कार्बाइडचा लेप वापरतात, आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु अशा टर्बाइनच्या चक्रांत दोन पात्यांमधील वाट इतकी अरुंद व वळणाची असते कीं आंतील भागांत नीट लेप देणें दुष्कर होतें. शिवाय एकदां कडेचा टवका उडाला, कीं उघड्या पोलादाला खळगा पडतो, तेथें पाण्याचा भोंवरा होतो आणि तो शेजारचा चांगला लेपही खालून पोखरूं लागतो.

खर्चाचा व आरोग्याचा विचारही सोडतां येत नाहीं. लेप घासून गुळगुळीत करण्यास हिऱ्याचीं चाकें लागतात, आणि दुरुस्तीसाठीं बहुधा जुना लेप काढूनच नवा द्यावा लागतो. बंदुकीचा आवाज कान बधिर करील इतका मोठा असतो. तिची धूळ तर त्याहून घातक. कोबाल्टयुक्त कार्बाइडच्या धुळीनें फुफ्फुसाचा विकार होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००६ सालीं हें मिश्रण मनुष्यास बहुधा कर्करोग करणारें म्हणून नोंदलें. म्हणून हें काम बंद खोलींत, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रासह आणि कान व श्वास यांचें रक्षण करूनच व्हावयास हवें.

यावरून लेप त्याज्य ठरतो असें नव्हे. भाग घासतो कीं ठोके खातो, किती तापतो, कोणत्या पाण्यांत राहतो, बंदूक तेथवर पोंचते काय, आणि लेप देणारा मनुष्य सुरक्षित आहे काय, हे पांच प्रश्न आधीं विचारावे. उत्तरें अनुकूल असतील तेथें हा लेप उत्तम सेवा करतो. प्रतिकूल असतील तेथें सुटलेले त्याचे कठीण तुकडे यंत्रांत फिरून, ज्या झिजेपासून रक्षण करावयाचें तीच अधिक वाढवितात. आपल्यांपैकीं जे पुढें कारखान्यांत शिरतील, त्यांनीं कोणत्याही पदार्थाचा एकच गुण पाहून भुलूं नये. तो कोणाशीं, कसा आणि कोठें जोडला आहे, हें पाहूनच त्याची किंमत ठरवावी.