चांदीचे नाणे वाचावे कसे?

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच आपला ‘अजब बंगला’, १८६३ साली स्थापन झाले. मध्यप्रांतात जमिनीत सापडलेली नाण्यांची दफिने या संग्रहालयाकडे येत असत. त्यामुळे सुलतान, मोगल आणि भोसले यांच्या काळातील चांदी अभ्यासण्यास नागपूर हे सोयीचे ठिकाण ठरले. परंतु फारसी किंवा अरबी अक्षरे पाहिली की बहुतेकजण पुढच्या कपाटाकडे वळतात. वास्तविक थोड्या माहितीवर बरेच वाचता येते.

प्रथम नावाकडे पाहू. तेराव्या शतकात दिल्लीच्या इल्तुत्मिशने सुमारे ११ ग्रॅम वजनाचा चांदीचा ‘टंका’ रूढ केला. आपले ‘टांकसाळ’ आणि ‘टक्का’ हे शब्द याच कुळातले. पुढे १३४७ मध्ये दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. त्याच्या टंक्यांवर अहसनाबाद, म्हणजे गुलबर्गा, हे टांकसाळीचे नाव दिसते. राजधानी बीदरला गेल्यावर तेथे मुहम्मदाबाद आले. शेरशाहाने (१५४०–४५) सुमारे साडेअकरा ग्रॅमचा ‘रुपया’ पाडला. त्यावर कलमा आहे, आणि काही रुपयांवर नागरी लिपीत त्याचे नावही आहे. मोगलांनी हेच वजन थोड्याफार फरकाने चालू ठेवले.

आता वर्ष. ते हिजरी सनात असते. हे वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे आपल्या वर्षाहून ११ दिवसांनी लहान असते. म्हणून हिजरी आकड्यात नुसते ६२२ मिळवून भागत नाही. आकड्याला ०.९७ ने गुणावे आणि मग ६२२ मिळवावे. उदाहरणार्थ, ९४७ × ०.९७ = ९१८.६, त्यात ६२२ मिळवले की १५४०.६, म्हणजे इ. स. १५४०. शेरशाह गादीवर आला ते हेच वर्ष. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचतात. शून्य म्हणजे नुसते टिंब आणि लहान गोल म्हणजे पाच! नवशिक्याची फसगत हमखास येथेच होते. शिवाय ठसा बहुधा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे वर्षाचा एखादा आकडा किंवा टांकसाळीचे नाव कडेबाहेर जाऊन उमटतच नसे.

पण नाण्यावर लिहिलेले सारे खरे मानावे काय? १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद जिंकले आणि तेथील खलिफा मुस्तअसिम याला ठार केले. तरीही दिल्लीच्या बल्बनच्या (१२६६–८७) नाण्यांवर त्याच मृत खलिफाचे नाव आहे! नवा सर्वमान्य खलिफा नव्हता आणि राज्याला मान्यतेची खूण तर हवी होती. हे फार दूरचे वाटत असेल तर घरचेच उदाहरण घ्या. नागपूरकर भोसल्यांच्या काही रुपयांवर मोगल बादशहा अहमदशाह बहादुर याचे नाव आणि ‘कटक’ ही टांकसाळ आहे. हा बादशहा १७५४ मध्येच पदच्युत झाला होता. नाव मात्र पुढेही चालत राहिले. व्यापाऱ्याला ओळखीचा ठसा हवा असतो, राजा कोण याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. तेव्हा केवळ नावावरून नाण्याचा काळ ठरवू नये.

आणि ही चांदी आली कोठून? आपल्या देशात ती फारशी निघत नसे, व्यापारातून येई. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पोतोसी येथे चांदीच्या प्रचंड खाणी सापडल्या. तेथील चांदीची स्पॅनिश नाणी युरोपातून जहाजांनी सुरतेस येत आणि टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये होत. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे हा पैसा आत पसरे. विदर्भातील एखाद्या मोगल रुपयातही अँडीज पर्वतातील चांदी असू शकेल.

चांदीचा कस पाहण्यास आर्किमिडीजचे तत्त्व कामी येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखविणारा तराजू घ्या. नाणे हवेत ११.४० ग्रॅम भरले आणि दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर १०.३१ भरले, तर घट १.०९ ग्रॅम, ११.४० ÷ १.०९ = १०.४६. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.५, तांब्याचे ८.९६. घट १.२० आली असती तर उत्तर ९.५ येते, म्हणजे निम्म्याहून अधिक तांबे असावे. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी काढा, नाहीतर उत्तर कमी येईल. मात्र शिसे (११.३) आणि तांबे यांच्या मिश्रणानेही १०.५ साधता येते. म्हणून उत्तर जुळले नाही तर नाणे शुद्ध चांदीचे नाही हे नक्की. जुळले तर ते चांदीचेच आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

नाणे चिंच, राख किंवा आम्ल लावून घासू नका; अक्षरे झिजतात. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली की छाप मिळते, तीवर वजन आणि व्यास लिहून ठेवा. शेतात नाण्यांचे मडके सापडले तर ती वाटून घेऊ नयेत, सोनाराकडेही नेऊ नयेत. कोणती नाणी एकत्र पुरलेली होती यावरूनच ती कधी पुरली हे कळते, आणि वितळल्यावर उरते ती नुसती चांदी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो.