मूत्रपिंड आणि रक्तदाबाची संप्रेरके

रायपूर शहरात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा उन्हात बांधकामावर राबणाऱ्या मजुराच्या शरीरातून घामावाटे पुष्कळ पाणी व मीठ बाहेर पडते. रक्ताचे आकारमान घटते आणि रक्तदाब उतरू लागतो. तरीही रक्त गाळण्याचे काम थांबून चालत नाही. ते कसे चालू राहते?

गाळणीची रचना

दोन्ही मूत्रपिंडांना मिळून दर मिनिटाला सुमारे १ लीटर रक्त मिळते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या आरंभी केशिकांचा गुच्छ असतो. त्यात रक्त आणणारी ती अभिवाही धमनिका व बाहेर नेणारी ती अपवाही धमनिका होय. गुच्छातील दाबामुळे दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक भाग पुन्हा शोषला जाऊन साधारण दीड लीटर मूत्र उरते.

संप्रेरकांचे कार्य

रक्तदाब घटताच मूत्रपिंडे रेनिन हे विकर स्रवतात. टिगरस्टेट व बर्गमन यांनी १८९८ मध्ये स्वीडनमध्ये त्याचा शोध लावला. रेनिनच्या क्रियेतून पुढे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक तयार होते. ते शरीरातील लहान धमन्या आकुंचित करून रक्तदाब सावरते. मूत्रपिंडात ते अपवाही धमनिकेला अधिक आवळते. पाटातील पाणी कमी झाले असता पुढचे तोंड अरुंद केले, तर मागील पातळी टिकते. तसेच येथे घडते. मूत्रपिंडातील रक्तप्रवाह घटतो, परंतु गाळण बऱ्याच अंशी टिकून राहते. अल्डोस्टेरोन मीठ व व्हॅसोप्रेसिन पाणी राखते. म्हणून मूत्र थोडे व गडद होते.

सावधगिरी

या काळात प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये अभिवाही धमनिका खुली ठेवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके त्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे शरीर शुष्क असताना ती घेतल्यास गाळण एकाएकी घटू शकते. अंगदुखीवर स्वतःच्या मनाने गोळी घेणे म्हणूनच धोक्याचे असते.

दीर्घकालीन विकारात चित्र पालटते. गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा गावातील मूत्रपिंडविकाराचे अनेक रुग्ण उपचारासाठी रायपूरला आले आहेत. अशा विकारात शिल्लक नेफ्रॉनमधील दाब सतत चढा राहिला, तर तेही झिजतात. म्हणून अनेक रुग्णांना डॉक्टर अँजिओटेन्सिनला रोखणारी औषधे देतात. संकटात तारणारे संप्रेरक सतत कार्यरत राहिल्यास हानी करते.

पाठगत प्रश्न

१. अपवाही धमनिका आवळल्याने गाळण का टिकते?
२. उन्हात काम केल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वेदनाशामक का घेऊ नये?