हवा येणार कुठून?

स्थळ पुणे, पाच मजली इमारतीतला सगळ्यात वरचा फ्लॅट. एप्रिल महिना, रात्रीचे साडेनऊ. आत्या तंत्रनिकेतनात वातानुकूलन शिकवून निवृत्त झालेली. भाच्याने हा फ्लॅट नुकताच घेतलाय आणि पहिल्याच उन्हाळ्याने तो हैराण आहे.

भाचा : आत्या, सरळ मुद्द्यावर येतो. खिडकीत बसवायचा पंखा घ्यायचाय. बारा इंची घेऊ की पंधरा?

आत्या : आधी सांग, तो करणार काय?

भाचा : घर गार करणार, अजून काय! बाहेर गॅलरीत बघ किती छान वाटतंय, आणि आत बसवत नाही.

आत्या : पंखा काहीच गार करत नाही रे. डोक्यावरचा पंखा हवा अंगावरून फिरवतो, घाम वाळतो, म्हणून बरं वाटतं. खोलीचं तापमान तसूभरही उतरत नाही. खिडकीतला पंखा हवा बदलतो. आतली काढतो, तिच्या जागी बाहेरची येते. त्यामुळे बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच त्याचा उपयोग. दुपारी दोन वाजता लावलास तर ३८ अंशांची हवा हौसेने घरात घेशील.

भाचा : माझा एक मित्र मुंबईत राहतो, तो म्हणाला पैसे वाया जातील.

आत्या : त्याच्या घरापुरतं खरं आहे ते. मुंबईत मे महिन्यात दिवसा ३३-३४ आणि पहाटे २६-२७, वर दमट हवा. फरकच सहा-सात अंशांचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी ३८ आणि पहाटे २०-२१. मुंबईकराला न मिळणारी ही पहाट आपल्याला फुकट मिळते, आणि आपण खिडक्या लावून झोपतो! पुणे, नाशिक, सातारा, असल्या पठारावरच्या गावांना हा पंखा शोभतो. नागपूरला मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २८च्या खाली जायला तयार नसतो. तिथे खिडकीत कूलरच हवा.

भाचा : पण बाहेर एवढं गार झालंय, मग आत अजून का नाही?

आत्या : ते स्टूल घे. चढ, आणि स्लॅबला तळहात लाव.

भाचा : अरे बापरे. चांगलाच तापलाय की! ऊन जाऊन तीन तास झाले.

आत्या : दिवसभराचं ऊन वरून आत झिरपत खाली पोचायला तेवढा वेळ लागतोच. दुपारी गच्ची पाय भाजते, आणि खालच्या बाजूने स्लॅब सगळ्यात गरम लागतो तो संध्याकाळनंतर. आता थोडं गणित कर. पाच इंची स्लॅब धर. एका चौरस मीटरचं वजन तीनशे किलो. त्याच तुकड्याखालची, जमिनीपर्यंतची हवा भरते जेमतेम सव्वातीन किलो. उष्णता धरून ठेवण्यात दोघांमध्ये ऐंशीएक पटींचा फरक. भिंती आणि फरशी तर मी अजून धरलेलीच नाही.

भाचा : म्हणजे हवा बदलली तरी स्लॅब ती परत तापवणार.

आत्या : तेच होतं. लोक रात्री दहाला पंखा लावतात, बाराला बरं वाटलं की बंद करतात, आणि दोन वाजता घामाने जागे होतात. मग म्हणतात, पंखा कुचकामी. घरातली सगळी हवा बदलायला दहा मिनिटं पुरतात. स्लॅब निवायला अख्खी रात्र लागते. पंखा सकाळपर्यंत चालला पाहिजे, आणि बाहेर ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्रभर निवलेल्या भिंती मग दुपारी तुझ्या बाजूने उभ्या राहतात.

भाचा : रात्रभर चालवायचा तर बिल?

आत्या : बारा इंची पंखा साठएक वॉट खातो. आठ तासांना अर्धा युनिट. दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाभरात त्याच्या दुप्पट सहज घेतो.

भाचा : मग मोठ्यात मोठा घेऊन टाकतो.

आत्या : थांब, घर मोजू. कार्पेट सहाशे चौरस फूट, उंची साडेनऊ. म्हणजे ५,७०० घनफूट, साधारण १६० घनमीटर. पंख्याच्या डब्यावर हवेचा आकडा असतो. कुणी घनमीटर प्रतितास देतं, कुणी सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट ते. सीएफएमला १.७ ने गुणलं की घनमीटर प्रतितास मिळतात. हे न बघता दोन डब्यांची तुलना केलीस तर फसशील. बारा इंची, ९०० फेऱ्यांचा पंखा दीड हजार घनमीटरच्या आसपास हवा फेकतो.

भाचा : म्हणजे तासाला नऊ वेळा सगळी हवा नवी!

आत्या : तो आकडा मोकळ्या हवेतला. समोर जाळी, मागे झडपा, वर घरभर हवेला वळणं. हजार मिळाले तरी चांगलं समज. तेही थोडे नाहीत. बाहेर-आत पाच अंशांचा फरक असेल तर तासाला हजार घनमीटर हवा दीड किलोवॉट उष्णता बाहेर नेते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट नेतो. साठ वॉटच्या यंत्राने आणखी काय करावं?

भाचा : दुकानदार म्हणाला, त्याच मापात १४०० फेऱ्यांचाही येतो. हवा जास्त फेकतो म्हणे.

आत्या : फेकतो, आणि ओरडतोही. वर्कशॉपला ठीक आहे. पंख्याचा आवाज फेऱ्यांबरोबर भराभर चढतो. तेवढीच हवा हवी असेल तर मोठं पातं सावकाश फिरवलेलं बरं. पंधरा इंची हळू चालवलास तर तो बारा इंची जोरात चालवण्यापेक्षा झोपेला मानवेल. खिडकीत मावत असेल तर तोच घे. डब्यावर आयएसआयची खूण बघ, आणि दुकानातच चालू करून कान दे. ब्रँडची चर्चा मला विचारू नकोस, त्यात माझा वेळ जात नाही.

भाचा : ठरलं मग. बेडरूमच्या खिडकीत पंधरा इंची, हवा आत फेकणारा.

आत्या : इथेच बहुतेकांचं चुकतं. उदबत्ती आहे घरात?

भाचा : आहे. कशाला?

आत्या : स्वयंपाकघरात तो सहा इंची एक्झॉस्ट आहे ना, तो लाव. त्याच्या शेजारची खिडकी उघडीच राहू दे. आता बेडरूमची खिडकी बोटभर उघड आणि फटीशी उदबत्ती धर. धूर कुठे जातो?

भाचा : कुठेच नाही. सरळ वर चाललाय.

आत्या : आता जाऊन ती स्वयंपाकघराची खिडकी लाव. हॉलची पण.

भाचा : लावली… अरेच्चा! धूर आत वाकला. चांगलाच आडवा झालाय. पंखा तर तोच आहे!

आत्या : पंखा तोच, पण आधी तो शेजारच्या खिडकीतून हवा घेत होता आणि तीच परत बाहेर फेकत होता. हवा आळशी असते, जवळची वाट सापडली की लांबून येत नाही. म्हणून मी इंच नंतर विचारते. हवा येणार कुठून, हे आधी. ज्या खोलीत झोपायचं, तिची खिडकी उघडी हवी. पंखा घराच्या दुसऱ्या टोकाला, तोंड बाहेर. मधली दारं उघडी, दाराला अडकण लावलेली, नाहीतर मध्यरात्री धाडकन आपटतील. बाकीच्या खिडक्या बंद. गार हवा तुझ्या उशाशी आत शिरेल, घरभर फिरून स्वयंपाकघरातून निघून जाईल, आणि आवाजही तिकडेच राहील.

भाचा : आणि पंखा बेडरूममध्ये लावून हवा आत ओढली तर?

आत्या : चालतं, पण आवाज कानाशी, आणि रस्त्यावरची धूळ सगळी एका जागेतून गादीवर. शिवाय वाऱ्याची दिशा बघ. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. तुझी बेडरूम पश्चिमेला, स्वयंपाकघर पूर्वेला. वारा ज्या बाजूने आत यायला बघतोय, त्याच खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावलास तर रात्रभर दोघांची रस्सीखेच. तुझ्या घरात सगळं आयतं जुळून आलंय. पूर्वेला पंखा, पश्चिमेला उघडी खिडकी.

भाचा : खिडकी किती उघडायची? मघाशी बोटभर फट होती.

आत्या : ती धूर दाखवायला. मोठ्या पंख्याला फट पुरत नाही, तो नुसताच घुरघुरत राहतो. पंख्याच्या तोंडाच्या तिप्पट तरी वाट हवी, आणि डासांची जाळी असेल तर आणखी. पंधरा इंचीचं तोंड सव्वा चौरस फूट भरतं. तुझ्या सरकत्या खिडकीचा एक पल्ला पूर्ण उघडलास तर आठ चौरस फूट मिळतात, जाळी धरूनही भरपूर. फक्त जाळी धूत जा. ही बघ, बोटाला काय लागलं ते. अशा जाळीतून हवा काय येणार!

भाचा : सोसायटी बाहेरून काही लावू देत नाही.

आत्या : बाहेरून काही लागतच नाही. सरकत्या खिडकीचा एक पल्ला काढायचा, त्या मापाचा बारा मिलिमीटरचा प्लाय कापून त्यात गोल भोक. पंखा त्यात. फॅब्रिकेशनवाला एसीपी शीटही लावून देईल, पावसाला ते बरं. कडेच्या फटी रबराने बुजव, नाहीतर पुन्हा तीच शेजारची वाट. मागे झडपा हव्यात, पंखा बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या. आणि झडपांच्या बाहेर बारीक तारेची चौकट, नाहीतर गणपतीपर्यंत आत पारव्यांचा संसार थाटलेला असेल.

भाचा : स्वयंपाकघरात म्हणजे फोडणीचा तेलकटपणा पात्यांवर बसणार.

आत्या : बसणारच. महिन्या-दोन महिन्यांनी वीज बंद करून पुसायचा. आता एक गोष्ट नीट ऐक. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे ना?

भाचा : आहे. त्याचं काय?

आत्या : एवढा मोठा पंखा चालू आणि सगळ्या खिडक्या बंद, असं झालं तर घरातली हवा विरळ होते आणि पंखा मिळेल तिथून ओढतो. बाथरूमच्या झडपांतून जी गिझरची हवा बाहेर जायची, ती उलटी घरात येते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बसल्या जागी कोसळतो. गिझर चालू असताना हा पंखा बंद. यात तडजोड नाही.

भाचा : सकाळी आंघोळीच्या वेळी पंखा बंदच असेल.

आत्या : रात्री उशिरा आलास आणि आंघोळ केलीस तर? बटणाशेजारी चिठ्ठी चिकटव. आणि पंखा लावल्यावर मोरीचा वास यायला लागला तर समज की कुठल्या तरी नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलंय. तांब्याभर पाणी ओतलं की झालं. हवेला वाट कमी पडतेय, याचीही ती खूण आहे.

भाचा : पावसाळ्यात उपयोग?

आत्या : स्वयंपाकाची वाफ काढायला. रात्रभर चालवून ओली हवा घरात ओढू नकोस, कपाटातले कपडे कुबट होतील.

भाचा : बरं, उद्या जातो दुकानात. पंधरा इंची, ९०० फेऱ्या.

आत्या : आधी पल्ल्याचं माप घे. फ्रेम धरून पंधरा इंची पंखा अठरा-एकोणीस इंचांची जागा मागतो. आणि टायमरचं बटण बसवून घे, सकाळी सातला बंद होईल असं.

भाचा : म्हणजे मला उठायला नको!

आत्या : पंखा टायमरने बंद होईल. खिडक्या कोण लावणार? आठपर्यंत उघड्या राहिल्या तर चालतील, दहापर्यंत नाही. रविवारी तू किती वाजता उठतोस ते मला माहितीये.

भाचा : साडेदहा.

आत्या : मग रविवारी मावशी येतात ना भांड्यांना सातला? त्यांना सांगून ठेव.