कडू दुधी

पुण्यातल्या बऱ्याच बागांच्या फाटकाबाहेर सकाळी स्टीलचे डबे मांडून रसवाला उभा असतो. दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. फिरायला येणाऱ्यांत शुगरवाले पुष्कळ, त्यामुळे धंदा जोरात. मला मधुमेह निघाला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या काकांनी गोळ्यांच्या आधी हाच पत्ता दिला: दुधी-कारलं मिक्स, अनशापोटी.

एके दिवशी रस नेहमीपेक्षा जास्त कडू लागला. पण कारलं आहे म्हटल्यावर कडू लागणारच. शिवाय कडू तेवढं शुगरला गुणकारी, हा आपल्याकडचा पक्का समज. घरी पोचेपर्यंत पोटात पिळवटायला लागलं, मग उलट्या आणि जुलाब. दुपारी उलटीत रक्त दिसलं तसं मुलाने दवाखान्यात नेलं. बीपी इतकं उतरलं होतं की सलाइनला शीर सापडेना. त्यात सकाळची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी पोटात आणि अन्नाचा कण नाही, म्हणून शुगरही घसरलेली. मधुमेही माणसाला शिरेतून ग्लुकोज चढवत होते.

दुधी, दोडका, काकडी, कारलं ही सगळी एका कुळातली. किडीपासून बचाव म्हणून या वेलींत कुकुरबिटासिन नावाची जहाल कडू द्रव्यं तयार होतात. बाजारच्या दुधीत ती एरवी नगण्य असतात, पण एखादा दुधी कडूजहर निघतो आणि वरून तो इतरांसारखाच हिरवागार दिसतो. शिजवूनही त्याचा भरवसा नाही. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणं सावरू शकतात. 2010 मध्ये दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर एका मधुमेही शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं सांगणं सरळ होतं: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी फेकून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो, माझ्या पेल्यातही तेच झालं.

आमची आई दुधी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावायची आणि मगच फोडी कढईत पडायच्या. पन्नास माणसांचा रस काढणारा एकेक दुधी कशाला चाखत बसेल? तेव्हा दुधी खायचा तर घरी, चण्याची डाळ घालून भाजी करून. कडू काही पोटात गेलं आणि मळमळायला लागलं, तर लिंबूपाणी पीत घरी पडून राहू नका. दवाखाना गाठा, काय प्यायलात ते सांगा आणि मधुमेहाची कुठली गोळी घेतली आहे तेही सांगा.

कडू रस लोक औषध समजून पितात, फळांच्या बाबतीत मात्र उलटी तऱ्हा. शुगर निघाली की घरातले पहिलं फर्मान काढतात, फळं बंद! काही गरज नसते. गरज असते ती फळ चावून खाण्याची. एक मोसंबं सोलून खाल्लं तर पोट भरतं. ग्लासभर रसाला तीन-चार लागतात, आणि चोथा जातो गाळणीत. आमरसाचं तेच. हापूसच्या 100 ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोन-चार फोडींनी आभाळ कोसळत नाही. पण पुरीबरोबर दोन वाट्या रस, वर साखर, म्हणजे शुगरला आमंत्रणच. फोडी खायच्या त्या दिवशी एक पोळी कमी करावी. पेरूत कर्बोदकं आंब्याइतकीच, पण तंतू तिपटीहून जास्त, म्हणून मधल्या वेळी मी पेरूच खातो.

आणि उपास! एकादशी दुप्पट खाशी हे मधुमेह्यांनी तर भिंतीवर लिहून ठेवावं. साबुदाणा, बटाटा, रताळं, केळं, सगळं एकाच ताटात. यातलं एखादंच घ्यावं आणि सोबत ताक. उपासात गोळ्यांचं वेळापत्रक काय ठेवायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावं.

बाकी कुठलं फळ कुणाला किती मानवतं याला सरसकट नियम नाही. ग्लुकोमीटर घरात असेलच. खाण्याआधी आणि दोन तासांनी बोट टोचून बघा. माझी शुगर सीताफळाला उसळते, शेजारच्या वहिनींना ते खपतं.