मोटार ए. सी. की डी. सी.? : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा धडा

पुणे-लोणावळा लोहमार्ग आणि पुणे-नाशिक महामार्ग यांच्या आधाराने पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण हा औद्योगिक पट्टा विस्तारला. १९५० च्या दशकात पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर या भागाच्या वाढीस वेग आला. येथील लेथ, प्रेस, पंप, कॉम्प्रेसर आणि क्रेन यांना गती देणारे साधन एकच, ते म्हणजे विजेची मोटार. गावाच्या नळाचे पाणीही तिच्याच बळावर टाकीत चढते. तथापि मोटारीचे प्रकार कोणते आणि कोणत्या कामास कोणती योग्य, याची माहिती पुष्कळदा मोटार जळाल्यानंतरच घेतली जाते. ती आधी घेणे अधिक हिताचे होय.

तत्त्व एक, मार्ग दोन

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज वाहू लागली की त्या तारेवर बल निर्माण होते. विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरत राहते, हे मायकेल फॅरडे यांनी १८२१ मध्ये प्रयोगाने दाखविले. अडचण एवढीच की, तारेचे वेटोळे अर्धा फेरा फिरल्यावर बलाची दिशा उलटी होऊ पाहते. ही अडचण दूर करण्याचे दोन मार्ग निघाले आणि त्यांतूनच मोटारींचे दोन प्रमुख वर्ग झाले.

एकदिश, म्हणजे डी. सी. प्रवाह एकाच दिशेने वाहतो. या मोटारीत फिरत्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो व त्याला कार्बनचे ब्रश घासत राहतात. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास कम्युटेटर वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा पालटतो आणि फिरणे अखंड चालू राहते.

प्रत्यावर्ती, म्हणजे ए. सी. प्रवाह आपली दिशा स्वतःच बदलतो. भारतात त्याची आवर्तने सेकंदास ५० असतात. तीन फेजचा प्रवाह स्टेटरच्या गुंडाळ्यांतून सोडला असता तेथे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ च्या सुमारास आणि निकोला टेस्ला यांनी १८८८ च्या पेटंटांत ही कल्पना प्रत्यक्षात आणली. या प्रवर्तन मोटारीच्या रोटरला बाहेरून वीज द्यावीच लागत नाही. फिरत्या क्षेत्रामुळे रोटरच्या सळयांत वीज आपोआप उत्पन्न होते आणि रोटर क्षेत्रामागे ओढला जातो.

विद्यार्थ्यांना येथे एक प्रश्न जरूर विचारावा. चार ध्रुवांच्या मोटारीतील क्षेत्र मिनिटास १५०० फेरे करते. मग मोटारीच्या पट्टीवर १४४० च्या आसपासचा आकडा का असतो? रोटरने क्षेत्राला गाठले, तर दोहोंत सापेक्ष गती उरणार नाही. गती नाही तर सळयांत वीज नाही आणि वीज नाही तर बलही नाही. म्हणून रोटर नेहमी किंचित मागेच राहतो.

लोहमार्गाची साक्ष

या दोन वर्गांतील फरक पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी या स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गाने स्पष्ट दाखविला आहे. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत १५०० व्होल्ट डी. सी. पद्धतीने झाले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच विजेवर धावू लागली. बोरघाटात ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. तेथे जड गाडी थांबलेल्या स्थितीतून ओढावयाची, तर आरंभीच मोठा जोर हवा. डी. सी. सीरिज मोटारीचा हा खास गुण असून तिचा वेग कमीअधिक करणेही सोपे होते. त्या काळी ए. सी. प्रवर्तन मोटारीचा वेग मनाजोगता बदलण्याचे सुटसुटीत साधन नव्हते.

परंतु डी. सी. चा पुरवठा खर्चिक ठरत असे. हिशेब सोपा आहे. १५०० किलोवॉट शक्ती १५०० व्होल्टवर पुरवायची झाल्यास १००० अँपिअर प्रवाह लागतो. तीच २५,००० व्होल्टवर सुमारे ६० अँपिअरमध्ये पुरविता येते. प्रवाह मोठा असला की तारा जाड लागतात, विजेची गळती वाढते आणि उपकेंद्रे जवळजवळ उभारावी लागतात. ए. सी. चा दाब रोहित्राने सहज चढविता-उतरविता येतो. म्हणूनच मध्य रेल्वेने आपले डी. सी. मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट ए. सी. वर आणले व मुंबई विभागातील हे काम २०१६ मध्ये पूर्ण केले. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका भवनापासून फुगेवाडीपर्यंत सुरू झालेली पुणे मेट्रोही याच दाबाच्या ए. सी. वर धावते.

जुनी सीमारेषा पुसट झाली

हा बदल शक्य झाला तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रकामुळे. हा नियंत्रक ए. सी. चे डी. सी. करतो आणि त्यापासून हव्या त्या आवर्तनांचे नवे ए. सी. तयार करतो. आवर्तने बदलली की प्रवर्तन मोटारीचा वेग बदलतो. जो गुण पूर्वी डी. सी. मोटारीचाच मानला जाई, तो आता कम्युटेटर व ब्रश नसलेल्या मोटारीतही मिळतो.

वाहन उद्योगात हे विशेष दिसते. बजाज ऑटोने २०१९ मध्ये विजेवर चालणारी चेतक स्कूटर सादर केली आणि २०२२ मध्ये आकुर्डी येथे विजेवरील वाहनांचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी चाकण येथे मर्सिडीझ-बेंझच्या विजेवरील मोटारगाडीची जुळणी सुरू झाली. अशा वाहनांतील बॅटरी डी. सी. देते, परंतु मोटारीच्या गुंडाळ्यांत नियंत्रक दिशा बदलणारा प्रवाहच सोडतो. ‘ब्रशविरहित डी. सी. मोटार’ हे नावही याच कारणाने फसवे आहे. सौर पंपाच्या बाबतीतही सौर पट्टी डी. सी. देते, पंपाची मोटार मात्र नियंत्रकाच्या साह्याने ए. सी. वर चालणारी असू शकते.

निवड करताना

कोणती मोटार श्रेष्ठ, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काम कोणते, वीज कोणती आणि देखभाल कोण करणार, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. एकसारख्या वेगाने चालणारे पंप, पंखे व कॉम्प्रेसर यांना तीन फेजची प्रवर्तन मोटार सर्वांत सोयीची. तिची रचना साधी असते आणि झिजणारा मुख्य भाग बेअरिंग एवढाच असतो. डी. सी. मोटारीचे ब्रश वेळोवेळी बदलावे लागतात आणि त्यांच्या ठिणग्यांमुळे ज्वालाग्राही वाफा असलेल्या जागी ती धोक्याची ठरते.

पाणीपुरवठ्याची मोटार सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. चालू मोटारीची एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजवर भार पडून गुंडाळी जळते. स्टार्टरमध्ये फेज-संरक्षण व अतिभार-संरक्षण असलेच पाहिजे आणि ते कोणीही जोडणी बदलून निकामी करू नये.

२. विजेचा दाब ८० टक्क्यांवर आला की प्रवर्तन मोटारीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो. दाब कमी असताना मोटार पुन्हा पुन्हा सुरू करू नये.

३. सुरू होताना ही मोटार पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. मोठ्या मोटारीस स्टार-डेल्टा किंवा तत्सम स्टार्टर लावावा.

४. केवळ स्वस्त किंमत पाहू नये. साडेसात किलोवॉटची मोटार वर्षाला ४,८०० तास पूर्ण भाराने चालली, तर ८८ ऐवजी ९० टक्के कार्यक्षमतेच्या मोटारीने सुमारे ९०० युनिट वीज वाचते. ही बचत वर्षानुवर्षे होत राहते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी पारंपरिक मोटारीबरोबरच नियंत्रकाचेही ज्ञान घेणे आता अगत्याचे झाले आहे. शाळांनी गावातील पंपगृह हीच प्रयोगशाळा मानली, तर मोटारीवरील पट्टी वाचणारी मुले घरोघर तयार होतील. पट्टीवरील दाब, प्रवाह, वेग व कार्यक्षमता हे चार आकडे खरेदीपूर्वी वाचणाऱ्या गावाला ऐन उन्हाळ्यात जळालेली मोटार घेऊन दुरुस्तीच्या दुकानासमोर ताटकळण्याची वेळ क्वचितच येईल.