श्रद्धा खरी असली म्हणजे दोष सुटतो काय?



दूरचित्रवाणीवरील मालिका आता घरोघरी पाहिल्या जातात आणि त्यांतील खलपात्रांवरून घरात वादही रंगतात. श्रीतुकाराम महाराजांच्या चरित्रावरील 'तू माझा सांगाती' ही मालिका २०१४ साली सुरू झाली. चिन्मय मांडलेकर यांनी तीत तुकोबांची भूमिका केली. अशा कथेत महाराजांचा छळ होऊ लागला की वडीलधाऱ्यांना संताप येतो, परंतु एखादा तरुण विचारतो, "छळणाऱ्याला मनापासून वाटते की आपण धर्मच राखीत आहोत. मग त्याला दुष्ट का म्हणावे?" हा प्रश्न पोरकट नव्हे. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार करू.

प्रथम दोन प्रकारचे विरोधक वेगळे केले पाहिजेत. १९३६ सालच्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटातील सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवितो. तो सरळसरळ दांभिक आहे; त्याच्या बाबतीत श्रद्धेचा प्रश्नच उद्भवत नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट मात्र विद्वान होते. त्यांचा आक्षेप शास्त्राचा होता. शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगणे हा अधर्म, असे मानून त्यांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यास सांगितले. महीपतींनी १७७४ च्या 'भक्तलीलामृता'त ही कथा वर्णिली आहे.

आता परिणाम पाहा. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून राहिले. वही टाकावयास लावणारा दांभिक असो की श्रद्धावंत, पाण्याला त्याचे काय? कागद भिजावयाचा तो भिजतोच. म्हणजे श्रद्धेने कृत्याचे स्वरूप पालटत नाही.

गीतेचा निर्णय याहून स्पष्ट आहे. अठराव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात, अधर्मालाच धर्म मानणाऱ्या बुद्धीला भगवंतांनी तामसी म्हटले आहे. येथे लक्षात घ्यावे की अशी बुद्धी ढोंग करीत नाही. तिला खरोखरच तसे वाटते. तरीही ती तामसीच. सतराव्या अध्यायात तर श्रद्धेचेच तीन प्रकार सांगितले असून, दुसऱ्याच्या नाशासाठी हट्टाने केलेले तपही तामस ठरविले आहे. तात्पर्य, श्रद्धा खरी आहे काय, एवढे विचारून भागत नाही. ती कशी आहे, हेही विचारावे लागते.

किंबहुना प्रामाणिक माणसाचा एक धोका अधिक असतो. ढोंग्याला निदान उघडे पडण्याचे भय असते. 'मी धर्माच्या बाजूचा' अशी खात्री बाळगणाऱ्याला कोणताच लगाम उरत नाही. तुकोबा रामेश्वर भट्टांपुढे नम्रपणे उभे होते, त्यांचे शब्द कानांवर पडत होते. तरी भट्टांनी 'हे कोणाचे' एवढेच पाहिले, 'हे काय आहे' ते पाहिले नाही. त्यांचा दोष श्रद्धेत नव्हता. श्रद्धेच्या नावाखाली विचार थांबविण्यात होता.

मग प्रामाणिकपणाला काहीच मोल नाही काय? आहे, आणि मोठे आहे. परंपरा सांगते की पुढे रामेश्वर भट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला, तो तुकोबांच्या अभंगाने शमला आणि भट्ट त्यांचे शिष्य झाले. भजनानंतर आपण 'आरती तुकारामा' म्हणतो, तिच्या शेवटच्या कडव्यात त्यांचेच नाव आहे. ज्यांनी वह्या बुडवावयास लावल्या, त्यांनीच आरती रचली! खऱ्या श्रद्धेची कसोटी ही : चूक दिसली की ती वळते. ती अपराधाची सबब नव्हे, पश्चात्तापाची पात्रता आहे. क्षमा मात्र ज्याने सोसले त्यानेच द्यावयाची असते. करणाऱ्याने ती हक्काने मागावयाची नसते.

मंबाजीने काटेरी फांद्यांनी मारले, तरी त्याच रात्री तुकोबांनी त्याचे अंग चेपून दिले, अशी कथा आहे. पण तेवढ्याने ते मारणे योग्य ठरले नाही. माणसाचा द्वेष न धरणे निराळे आणि त्याचे कृत्य निर्दोष म्हणणे निराळे.

पडद्यावरील खलपुरुषाचा न्याय करणे सोपे आहे. परंतु 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून मुलीचे शिक्षण थांबविणारा पिता, 'घराच्या वळणासाठी' सुनेचा घास मोजणारी सासू यांचीही श्रद्धा खरीच असते. वैनगंगेकाठच्या आपल्या बालाघाटातील घरे याला अपवाद आहेत, असे कोणी म्हणू नये.

घरी एकत्र बसून विचार करावा :

१. आपल्या कोणत्या नियमामुळे घरातील कोणाच्या डोळ्यांत पाणी येते?

२. तो नियम का आहे, हे त्या व्यक्तीला समजावून सांगता येईल काय?

३. तो चुकीचा आहे असे कळल्यास, रामेश्वर भट्टांप्रमाणे मस्तक नमविण्याची आपली तयारी आहे काय?